अजून चालूच?

परवा फोनवर तू हळूच म्हणालीस, ‘ताई, सहा वर्षं झाली, आता बंदच करते त्या गोळ्या,’ आणि मी काही विचारायच्या आत कैरीच्या लोणच्यावर गेलीस. तुझ्या तोंडून तुझी जाऊ बोलत होती, हे मला हडपसरहून कोथरूडपर्यंत ऐकू आलं. म्हणून निवांत लिहितेय. नवऱ्याच्या हाती लागलं तर लागू दे, त्यालाही जरा कळेल.

मला तर पाळी गेल्यानंतरच्या या हार्मोन्सचं आता अकरावं वर्ष लागलं. गेल्या महिन्यात कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने चिठ्ठी उलटसुलट करून मोठ्यांदा विचारलं, ‘काकू, अजून चालूच?’ मागे चारजण उभे. थायरॉइडची गोळी मी वीस वर्षं त्याच दुकानातून घेतेय, तिच्याबद्दल कधी चकार शब्द नाही. कर्वे रस्त्याने घरी येताना मग माझं मलाच हसू आलं. रस्ता अण्णा कर्व्यांच्या नावाचा. त्यांचा मुलगा रघुनाथ, त्याने १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, शरीराबद्दल सरळ लिहिलं म्हणून कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्याचे वकील होते. आणि आपण अजून हार्मोन्सचं पाकीट पिशवीत तळाशी, मेथीच्या जुडीखाली घालून आणतो.

तुझी जाऊ ‘बंद कर’ म्हणते ते अगदीच हवेतलं नाही, तेवढं मान्य करू. २००२ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ नावाच्या मोठ्या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला. १६,६०८ बायका, सरासरी पाच वर्षं औषध झालेलं. स्तनाचा कॅन्सर वाढतो, अशी बातमी जगभर गेली आणि लाखो बायकांनी एका रात्रीत गोळ्या सोडल्या. ‘पाच वर्षांच्या वर नको’ हे तेव्हापासून घराघरांत मुरलं. पण वाढला म्हणजे किती? वर्षाला १०,००० बायकांमागे ८ जास्त. बातमीत न आलेलं म्हणजे त्याच बायकांमध्ये खुब्याचं हाड मोडणं १०,००० मागे ५ ने कमी झालं होतं. शिवाय त्या बायकांचं सरासरी वय ६३. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्यांना नव्याने औषध सुरू केलं होतं, आणि औषध होतं गाभण घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन आणि जोडीला कृत्रिम प्रोजेस्टिन. तू ४९ व्या वर्षी सुरू केलंस, पाळी जाऊन वर्षही झालं नव्हतं. तुझं आणि त्यांचं गणित एका वहीत मांडता येत नाही.

तरी जास्त वर्षं म्हणजे जास्त धोका, हेही खरं आहे गं, मी ते लपवणार नाही. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये जगभरचे अभ्यास एकत्र करून हिशोब मांडला होता. पन्नाशीला सुरू करून दोन्ही हार्मोन्स रोज मिळून पाच वर्षं घेतली, तर पुढच्या वीस वर्षांत साधारण ५० जणींत एकीला जास्तीचा कॅन्सर होतो. नुसतं इस्ट्रोजेन असेल तर २०० जणींत एकीला. हे आकडे बहुतेक पाश्चात्त्य बायकांचे, तिकडे हा आजार मुळात आपल्यापेक्षा जास्त. पण आकडा शून्य नाही. मी तो आकडा पाहिला, आपल्या आईचा खुबा आठवला, आणि चालू ठेवलं. आपल्या मावशीला तो आजार झाला असता तर कदाचित वेगळं ठरवलं असतं.

आईचं तुला नीट आठवत नसेल, तू तेव्हा नाशिकला होतीस. सकाळी सडा घालताना पाय घसरला, जेमतेम पायरीभर. त्रेसष्टाव्या वर्षी खुबा गेला आणि त्यानंतर ती घराबाहेर अशी पडलीच नाही. तिची पाळी बेचाळिसाव्या वर्षी गेली होती. आपल्याकडे सरासरी ४६-४७ ला जाते, तिकडे ५१ ला. म्हणजे आपली हाडं इस्ट्रोजेनशिवाय जास्त वर्षं काढतात. आणि औषध सोडलं की हाडांचं संरक्षणही ओसरतं, शिल्लक पडत नाही. तेव्हा बंद करणार असशील तर हाडांसाठी दुसरं काय, हे आधी विचारून घे. नुसती नाचणीची भाकरी आणि तिळाचा लाडू त्याला पुरत नाही.

तर मी काय करते. दरवर्षी दिवाळीच्या आधी डॉक्टरीणबाईंकडे माझा वर्षाचा हिशोब असतो. वजन, बीपी, मॅमोग्राफी, अधूनमधून हाडांची डेक्सा, आणि मग त्या विचारतात, ‘आता कशासाठी घेताय, सांगा.’ मला उत्तर देता आलं पाहिजे. ज्या वर्षी देता येणार नाही त्या वर्षी सोडायचं. साठ झाले म्हणून किंवा पासष्ट झाले म्हणून आपोआप बंद करायची गरज नाही, हे अमेरिकेतल्या मेनोपॉज तज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये लेखी सांगितलंय. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तर तिथल्या औषध खात्याने या औषधांवरचे बरेचसे जुने ठळक इशारे काढत असल्याचं जाहीर केलं. म्हणून उद्या उड्या मारायच्या असंही नव्हे. साठीनंतर नव्याने सुरू करणं वेगळं आणि आधीपासून चाललेलं पुढे नेणं वेगळं.

पुढे न्यायचं तर तसंच न्यायचं नाही मात्र. तू अजून सुरुवातीच्याच गोळीवर आहेस ना, त्याच ताकदीच्या? गोळी पोटातून आधी लिव्हरमध्ये जाते आणि तिथे रक्त गोठवणारी द्रव्यं वाढतात. कातडीतून जाणारं जेल ती वाट टाळतं. सत्तावन्नाव्या वर्षी मला त्यांनी गोळीवरून जेलवर आणलं आणि नंतर मात्राही निम्मी केली. आंघोळ झाली की दंडावर चोळायचं. गार लागतं, सॅनिटायझरसारखा वास येतो. पाच मिनिटं परकर-ब्लाउजवर पंख्याखाली बसते. वाळेपर्यंत नातीला जवळ घेत नाही, तिच्या अंगाला लागता कामा नये, आणि समईही नंतरच लावते, त्यात अल्कोहोल असतं. सुनेला वाटायचं सासूबाई एवढा वेळ ध्यान करतात.

एक गोष्ट कान धरून सांगते. आपली गर्भपिशवी अजून जागेवर आहे, म्हणून रात्रीची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल चुकवायची नाही. माझ्या एका मैत्रिणीने ‘फार झोप येते’ म्हणून ती सोडली आणि इस्ट्रोजेन तेवढं चालू ठेवलं. दोन वर्षांनी डाग दिसायला लागला, पिशवीचं अस्तर नको तेवढं वाढलेलं निघालं. वेळेत सापडलं म्हणून निभावलं. तुला कधी थेंबभर जरी दिसलं तरी मला फोन करण्याआधी सोनोग्राफीची वेळ घे.

पिशवीवरून आठवलं. आमच्याकडे पोळ्या करायला येते ती बीडकडची. वय एक्केचाळीस, एकोणतिसाव्या वर्षी पिशवी काढलेली, अंडाशयासकट. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्ह्यांची समिती बसली, ८२,००० वर बायकांच्या पाहणीत १३,००० हून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली, आठवतं? एवढ्या लवकर अंडाशयं गेली तर निदान पन्नाशीपर्यंत हार्मोन्स द्यायला हवीत, आणि त्या वयात ते वरचं काही देणं नसतं, शरीराचं होतं तेच परत करणं असतं. तिला कोणी एक गोळी दिली नाही. आपण इकडे सहा वर्षं जास्त का कमी यावर खल करतोय. मी तिला घेऊन जाणार आहे पुढच्या आठवड्यात.

आता खालचं. तू बोलणार नाहीस म्हणून मीच बोलते. कोरडेपणा, सारखं लघवीला जळजळणं, नवऱ्याजवळ जायचं म्हटलं की पोटात गोळा. यासाठी आतून लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम वेगळं मिळतं, रक्तात जेमतेम उतरतं, वर्षानुवर्षं चालतं. बाकीचं सगळं सोडलंस तरी ते ठेवता येतं, आणि हा त्रास आपला आपण जात नाही, उलट वाढतो.

आणि सोडायचंच ठरलं, तर एप्रिलच्या या उन्हात नको गं बाई. पंखा फुल्ल असताना वाफ आतली की बाहेरची, हे कसं कळणार? थंडीत, संक्रांतीच्या आसपास, मात्रा कमी करत सोडून बघ. साधारण निम्म्या जणींना त्या अंगातल्या गरम वाफा परत येतात. आल्या तर हरलीस असं नाही, पुन्हा बोलू डॉक्टरांशी. पायात रक्ताची गाठ, छातीत दुखणं, स्तनात काही हाताला लागणं, यातलं काही झालं तर मात्र ऋतू बघत बसायचं नाही.

गुरुवारी ये. येताना जुने रिपोर्ट आण, सोनोग्राफीचेसुद्धा, आणि गोळ्यांचं रिकामं पाकीट. डॉक्टरीणबाई पावणेपाचला बसतात, मी नंबर लावून ठेवते. जावेला सांग, ताईकडे लोणचं घालायला चाललेय. कैऱ्या मी आणून ठेवते, म्हणजे खोटंही पडणार नाही.