टोपण, गुंठा आणि मिलिलिटर : मोजमापाचा पहिला पाठ

गेल्या उन्हाळी सुट्टीत बंगळुरूच्या जे. पी. नगरमधील आमच्या घराच्या गच्चीवर शेजारच्या शाळकरी मुलांना मोजमापाचा पाठ देण्याचा योग आला. प्रत्येकाने घरातून एक रिकामी, स्वच्छ बाटली टोपणासह आणावी, इतकीच सूचना होती. तेलाच्या, सरबताच्या, शाम्पूच्या बाटल्यांची टोपणे पाण्याने भरून मुलांनी मोजनळीत ओतली. कुठे एक टोपण ५ मि.लि. भरले, तर कुठे २० मि.लि.च्याही पुढे गेले. "मग टोपण म्हणजे नक्की किती?" असे एका मुलीने विचारले.

हा प्रश्न शेताच्या बांधावर क्वचितच विचारला जातो. "पंपाला दोन टोपणे" हे प्रमाण मात्र सर्रास सांगितले जाते. मात्रा कमी पडल्यास कीड वाचते आणि वाचलेल्या किडींतून प्रतिकारक्षम पिढी तयार होण्याचा धोका वाढतो. मात्रा जास्त झाल्यास मित्रकीटक मरतात, मालात अवशेष राहतात आणि खर्च वाढतो.

शेरापासून किलोग्रॅमपर्यंत

आपल्या देशात १९५६ मध्ये वजनमापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने व्यवहारात आली. त्यापूर्वी ८० तोळ्यांचा शेर, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम, आणि ४० शेरांचा मण चाले. मेट्रिक पद्धतीत प्रत्येक पायरी दहाच्या पटीत असते. १ लिटर म्हणजे १००० मि.लि. आणि १ सी.सी. म्हणजेच १ मि.लि. त्यामुळे दशांशचिन्ह सरकवले की हिशेब होतो.

कोणती चूक चालते, कोणती नाही?

प्रत्येक मापनात थोडी त्रुटी असतेच. ती किती चालेल, हे ठरवणे म्हणजे शास्त्रीय मोजमाप. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, आपण मात्र गुंठ्यात बोलतो. एक आर म्हणजे १०० चौ.मी. आणि एक गुंठा १०१.१७ चौ.मी. हा फरक सव्वा टक्क्याहूनही कमी असल्याने फवारणीच्या हिशेबात दोन्ही सारखे धरले तरी बिघडत नाही.

एकर आणि हेक्टर यांची गल्लत मात्र महाग पडते, कारण एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. समजा, एकरी ५०,००० ट्रायकोग्रामा सोडायचे आहेत. हा आकडा कोणी हेक्टरी समजला, तर शेतात गरजेच्या जेमतेम दोन पंचमांश मित्रकीटक पोहोचतील. मग दोष मित्रकीटकांना दिला जाईल.

बाटलीवरील आकडा वाचा

नीमयुक्त कीटकनाशके ३००, १५०० आणि १०,००० पीपीएम अशा वेगवेगळ्या तीव्रतेत मिळतात. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांतील एक भाग. पातळ द्रावणात तो ढोबळमानाने लिटरला १ मिलिग्रॅम धरता येतो. प्रत्येकी ५ मि.लि. औषध १ लिटर पाण्यात घेतल्यास फवारणीच्या द्रावणात ॲझाडिरॅक्टिन किती येते, ते पाहा :

- ३०० पीपीएम : १.५ पीपीएम
- १५०० पीपीएम : ७.५ पीपीएम
- १०,००० पीपीएम : ५० पीपीएम

मिलिलिटर तेच असले तरी मात्रा तेहेतीस पटींपर्यंत बदलली. म्हणून "लिटरला ५ मि.लि." हे वाक्य तीव्रता सांगितल्याशिवाय अपुरे आहे.

गटासाठी प्रात्यक्षिक

१. १० × १० मीटरचा एक आर आखावा.
२. पंपात मोजून १० लिटर साधे पाणी घेऊन नेहमीच्या चालीने तेवढेच क्षेत्र फवारावे.
३. उरलेले पाणी मोजून १० लिटरमधून वजा करावे. उत्तराला १०० ने गुणल्यास हेक्टरी, ४० ने गुणल्यास सुमारे एकरी पाणी मिळते. ५ लिटर लागले, तर हेक्टरी ५०० आणि एकरी सुमारे २०० लिटर.
४. हीच कृती तीनदा करून सरासरी घ्यावी. आकड्यांत मोठी तफावत आढळल्यास चालण्याचा वेग व नोझल तपासावे.

मोजनळी सपाट जागी ठेवावी, डोळा द्रवाच्या पातळीशी आणावा आणि पृष्ठभागाच्या खोलगट तळाशी असलेली रेषा वाचावी. औषधासाठीची मोजनळी वेगळी ठेवून ती कुलपात ठेवावी. घरातील चमचा किंवा पेला औषध मोजण्यासाठी कधीही वापरू नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी पुढील शेतीशाळेत हे प्रात्यक्षिक अवश्य घ्यावे. सुरुवात मात्र त्या मुलीच्या प्रश्नानेच करावी : टोपण म्हणजे नक्की किती?