पिंगुळीची सहल, पण दोरा मुलांच्या हातात

प्रश्न : कुडाळ तालुक्यात दुसरीला शिकवते. मुलांना पिंगुळीला न्यायचंय, पण नुसती सहल होऊ नये. काय करू?

उत्तर : जरूर न्या. पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या. त्यासाठी तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. ही माहिती नंतर द्या. आधी बाहुलीचा दोरा मुलांच्या हातात येऊ द्या. कुठला ओढला की मान हलते, कुठल्याने हात उठतो, हे त्यांच्या बोटांना कळू दे. त्यासाठी कलाकारांशी आधी बोला, मानधन ठरवा. परतल्यावर निबंध अजिबात नको! तिथे ऐकलेल्या गोष्टीतला एकेक प्रसंग प्रत्येकाला कागदावर काढू द्या. मग चित्रकथीसारखं एकामागून एक चित्र दाखवत मुलांनीच गोष्ट सांगावी, तीही मालवणीत.