काशी : मणिकर्णिकेच्या पुढे चालण्याची कृती

महाराष्ट्रातून काशीला जाणारी बहुतेक मंडळी प्रयाग-काशी-गया अशा त्रिस्थळी यात्रेच्या गाडीने येतात. विश्वनाथाचं दर्शन घेतात, संध्याकाळी दशाश्वमेधावर आरती पाहतात आणि दुसऱ्या दिवशी गयेच्या वाटेला लागतात. हौसेने घाट चालायला निघालेलेही मणिकर्णिकेपाशी पोचले की मागे फिरतात. आणि नेमकी तिथून पुढेच, उत्तरेला, शिंद्यांनी, नागपूरकर भोसल्यांनी, पेशव्यांनी आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी घडवलेली काशी सुरू होते. ती पाहिल्याशिवाय मराठी माणसाने परतू नये असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी तीन पूर्ण दिवस हवेत, पायात न घसरणाऱ्या चपला हव्यात आणि पुढचा क्रम पाळायला हवा.

निघण्याआधी

कार्तिक ते फाल्गुन हा उत्तम काळ. त्यातला डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारी मात्र धुक्याचे असतात. गाड्या कित्येक तास उशिरा येतात, म्हणून पुढच्या प्रवासाचं तिकीट काढताना मध्ये एक दिवस मोकळा ठेवा. जुलै ते सप्टेंबर मात्र टाळाच. गंगा चढली की पायऱ्या पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्यावर जायची वाट तुटते, नावा बंद होतात आणि आरतीसुद्धा वरच्या गच्चीवर करावी लागते. पूर ओसरल्यावरही पायऱ्यांवरचा गाळ धुवून काढायला बराच वेळ जातो.

तारखा ठरवताना घरच्या पंचांगावर विसंबू नका. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे तिथला श्रावण आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी, गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. आपल्याकडे आषाढ चालू आहे म्हणून निर्धास्तपणे गेलेला माणूस तिथे कावडियांच्या गर्दीत सापडतो. कार्तिकी पौर्णिमा मात्र दोन्हीकडे एकाच दिवशी येते. त्या रात्री देवदिवाळीला सगळे घाट पणत्यांनी उजळतात. तो सोहळा बघायचा असेल तर खोली काही महिने आधी ठरवा आणि त्या दिवशी घाट चालण्याचा बेत ठेवू नका.

तिकिटावर स्टेशनचं नाव नीट वाचा. वाराणसी जंक्शनला गावात ‘कँट’ म्हणतात. ‘बनारस’ हे वेगळं स्टेशन, पूर्वीचं मंडुवाडीह. पंडित दीनदयाळ उपाध्याय म्हणजे जुनं मुघलसराय, ते गंगेच्या पलीकडे सोळा-सतरा किलोमीटरवर आहे. मुंबईची महानगरी वाराणसी जंक्शनला जाते, पुण्याची ज्ञानगंगा बनारसला.

राहण्याची जागा निवडताना एकच गोष्ट बघा: गाडी कुठपर्यंत येते. दशाश्वमेधाच्या बाजूला गोदौलियाच्या आसपास मोठी वाहनं अडवतात आणि पुढे सामान हातात घेऊन गल्ल्यांतून चालावं लागतं. घरातले वडीलधारे बरोबर असतील तर सरळ असी घाटाजवळ राहा. तिथे रस्ता पुष्कळ जवळ येतो आणि चढउतार कमी आहे.

पहिली पहाट : असीहून नावेने

काशीत सूर्य आपल्यापेक्षा लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. डिसेंबरात सव्वापाचच्या सुमारास सूर्यास्त होतो, म्हणजे दिवसाची सगळी आखणी पहाटेकडे सरकवायला हवी. गाव गंगेच्या पश्चिम काठावर आहे, पलीकडे वाळवंट. त्यामुळे सकाळचं ऊन थेट पायऱ्यांवर आणि वाड्यांच्या भिंतींवर पडतं, तर तिसऱ्या प्रहरी तेच घाट सावलीत जातात. म्हणून सकाळी नावेतून घाट बघायचे आणि दुपार कलल्यावर पायी चालायचं.

असी घाटावर अंधार असतानाच पोचा. तिथे रोज पहाटे ‘सुबह-ए-बनारस’ हा कार्यक्रम होतो, त्यात आरती असते आणि शास्त्रीय गाणं-वादनही. तो ऐकून उजाडताना नाव करा. गंगा इथे उत्तरेकडे वाहते, म्हणजे असीहून दशाश्वमेधाकडे जाताना प्रवाह साथ देतो. मोटरची नाव नको, वल्ह्याची घ्या. पाय ठेवण्याआधी चार गोष्टी स्पष्ट करून घ्या: भाडं नावेचं की माणशी, कोणत्या घाटापासून कोणत्या घाटापर्यंत, किती वेळ, आणि उतरवून देणार की परत आणणार. नाविकाशी ‘भइया’ म्हणून मोकळं बोला. बहुतेक जण पिढ्यानपिढ्या याच पाण्यावर आहेत आणि विचारलं तर प्रत्येक घाटाचं सांगतात.

डावीकडे आधी तुळसी घाट लागतो. त्याच्या मागच्या भदैनी मोहल्ल्यात झाशीच्या राणीच्या जन्मस्थानाचं स्मारक आहे, तिथे नंतर सवडीने जा. पुढे चेतसिंहाचा किल्ला. १७८१ साली वॉरन हेस्टिंग्जने राजा चेतसिंहाला इथेच नजरकैदेत ठेवलं होतं आणि राजा निसटला होता. मग हरिश्चंद्र घाट, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा केदार घाट, दरभंग्याचा उंच वाडा. दशाश्वमेधाच्या अलीकडे अहिल्याबाई घाट आहे. नाव तिथे थोडी थांबवायला सांगा आणि होळकरांच्या वाड्याकडे नीट बघून घ्या.

दशाश्वमेधाला उतरलात की न्याहारी कचौडी-सब्जीची आणि सोबत जिलबी. कचौडीत उडदाच्या डाळीचं सारण असतं, भाजी बटाटा-हरभऱ्याची, आणि सगळं पानांच्या द्रोणात मिळतं. दहा-अकरानंतर चांगल्या दुकानांत कढई उतरलेली असते, म्हणून हे काम पुढे ढकलू नका. थंडीचे दिवस असतील तर चौकाकडे जाऊन मलइयो खा. आटवलेलं दूध रात्री उघड्यावर दवात ठेवतात आणि पहाटे घुसळून त्याचा फेस काढतात. केशराने पिवळा झालेला तो फेस कुल्हडात भरून देतात. जिभेवर ठेवताक्षणी विरतो आणि मागे फक्त वेलदोड्याचा वास राहतो. खाऊन झाल्यावर त्याच कुल्हडात थोडं केशरी दूध ओतून देतात, तेवढं मागून घ्या. ऊन चढलं की मलइयो बसतो, त्यामुळे दुपारी शोधून उपयोग नाही.

दुपारी झोप काढा. संध्याकाळी आरतीला तासभर आधी पायऱ्यांवर जागा धरा.

दुसरी पहाट : दर्शन

विश्वनाथाचं दर्शन पहाटे, आणि शक्यतो सोमवार सोडून. मोबाईल, कॅमेरा, पिशवी, स्मार्ट घड्याळ यांतलं काहीच आत नेता येत नाही. सगळं खोलीवर ठेवून थोडे पैसे आणि ओळखपत्र एवढंच घेऊन निघा, म्हणजे लॉकरच्या निमित्ताने पूजेचं ताट घ्यायला लावणाऱ्या दुकानदारांशी संबंधच येत नाही. ‘झटपट दर्शन करवून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. सशुल्क सुगम दर्शन हवं असेल तर मंदिर न्यासाच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्याच खिडकीवर पावती घ्या.

आत गेल्यावर समोरचं मंदिर कुणाचं, हे मुलांना सांगा. सोळाव्या शतकात विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं राहिलं ते पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नारायणभट्टांच्या पुढाकाराने. १६६९ साली औरंगजेबाच्या हुकमाने ते पाडलं गेलं. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, १७८० साली, अहिल्याबाई होळकरांनी आजचं मंदिर बांधलं, आणि शिखराला सोनं दिलं पंजाबच्या महाराजा रणजितसिंहांनी. रायगडावर १६७४ साली शिवराज्याभिषेक करणारे गागाभट्ट नारायणभट्टांच्याच वंशातले. गंगेपर्यंत पोचणारं आजचं मोकळं प्रांगण १३ डिसेंबर २०२१ रोजी खुलं झालं. त्यात अहिल्याबाईंचा पुतळा आहे, तिथे थांबल्याशिवाय बाहेर पडू नका.

जवळच अन्नपूर्णा. मग वेळ असेल तर काळभैरव, काशीचा कोतवाल.

दुसरी दुपार : उत्तरेचे घाट

आता मुख्य काम. थंडीत अडीच-तीनला, उन्हाळ्यात पाचला दशाश्वमेधावरून उत्तरेकडे तोंड करून चालायला लागा. नदी उजव्या हाताला राहिली पाहिजे, बाकी रस्ता विचारायची गरज नाही. पहिला थांबा मानमंदिर. अंबरच्या राजा मानसिंहाच्या या वाड्याच्या गच्चीवर सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात वेधशाळा बांधली. दगडी यंत्रं अजून जागेवर आहेत आणि तिथून गंगेचं वळण पूर्ण दिसतं. ललिता घाटावरचं लाकडी नेपाळी मंदिर बघून पुढे मणिकर्णिका.

इथे कॅमेरा पिशवीत घाला. चिता रात्रंदिवस जळत असतात, आप्त समोर बसलेले असतात. टक लावून बघत उभं राहू नका. कुणी उंच जागेवरून ‘दाखवतो’ म्हणेल, कुणी गरिबांच्या लाकडासाठी दान मागेल. हात जोडा आणि चालत राहा. लाकडाच्या राशींमुळे खालची वाट अडलेली असेल तर मागच्या गल्लीतून वळसा घ्या, शिंदे घाटाला निघाल.

शिंदे घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधायला घेतला. दगडाचा भार इतका की घाट खचला, आणि विसाव्या शतकात ग्वाल्हेरच्या शिंद्यांनीच तो नव्याने बांधला. पाण्याच्या कडेला एका बाजूला कललेलं रत्नेश्वराचं देऊळ आहे. वर्षातले कित्येक महिने त्याचा गाभारा पाण्यात किंवा गाळात असतो. पायऱ्यांवर बसा, इथे गर्दी एकदम ओसरलेली असते. पुढे संकठा घाट आणि मग भोसले घाट. नागपूरकरांच्या वाड्याची ती भिंत खालून बघताना मान पूर्ण मागे करावी लागते. खाली आंघोळी करणाऱ्यांच्या डोक्यावर ओळीने चढत गेलेली दगडी पायरी, वर जवळजवळ कोरी भिंत आणि अगदी माथ्याशी छोट्या खिडक्यांची रांग. पूर किती चढतो ते ठाऊक असलेल्या माणसांनी बांधलेली ही इमारत आहे. थोडं पुढे गणेश घाटावर अमृतराव पेशव्यांनी बांधलेलं गणपतीचं देऊळ लागतं. ही सगळी नावं घाटावर रंगाने लिहिलेली आहेत, वाचत चाला.

बालाजी घाटाच्या वरच्या बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खान सनईचा रियाज करत. त्याला लागूनच पंचगंगा, आणि चढ खरोखर दमवणारा आहे. गुडघे दुखत असतील तर खालीच थांबा. अहिल्याबाईंनी दिलेली दगडी दीपमाळ खालूनच बघता येते आणि कार्तिकात बांबूंच्या टोकाला टांगलेले आकाशदीपही. वर आलमगिरी मशीद. बिंदुमाधवाचं प्राचीन मंदिर याच जागी होतं, आणि लोक मशिदीलाही माधवाच्याच नावाने ‘धरहरा’, म्हणजे मनोरा, म्हणतात. आजचा बिंदुमाधव शेजारच्या वाड्यासारख्या इमारतीत आहे. ती औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधली. बाहेरून देऊळ वाटतच नाही, म्हणून शंभरातले नव्वद यात्रेकरू दारावरून निघून जातात. तुम्ही विचारा, आत जा. दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाट इथून हाकेच्या अंतरावर आहेत. मराठी घराण्यांची ही जुनी वस्ती. दारावरची पाटी वाचून मराठीत नमस्कार घातलात तर पुष्कळदा मराठीतच उत्तर मिळतं. काशीशी मराठीचं नातं तसं जुनंच आहे; एकनाथी भागवत शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ साली, पूर्ण झालं ते काशीतच.

अंधारात घाटांवरून परतू नका. वर चढून गल्ल्यांनी मैदागिनला निघा, तिथे ई-रिक्षा मिळते. मैदागिनजवळच पराडकर स्मृती भवन आहे. ‘आज’ दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर (१८८३–१९५५) काशीत जन्मलेले मराठी गृहस्थ. हिंदी पत्रकारितेत त्यांचं नाव आजही आदराने घेतात.

तिसरा दिवस : सारनाथ आणि साडी

सारनाथ दहाएक किलोमीटरवर. शुक्रवारी तिथलं संग्रहालय बंद असतं, म्हणून वार आधी जुळवा. आपल्या राजमुद्रेवरचे मूळ सिंह याच संग्रहालयात आहेत आणि ते न बघता परतणं फार चुटपुट लावणारं. आधी संग्रहालय, मग धामेक स्तूप, शेवटी १९३१ चा मूलगंधकुटी विहार. त्याच्या भिंतींवर जपानी चित्रकार कोसेत्सू नोसू यांनी बुद्धचरित्र रंगवलं आहे. अर्धा दिवस पुरतो.

साडी घ्यायची असेल तर रिक्षावाल्याने नेलेल्या दुकानात घेऊ नका, त्याचं कमिशन तुमच्याच बिलात चढतं. पीली कोठी किंवा मदनपुऱ्यात स्वतः जा आणि प्रत्येक साडी उलटी करून मागा. ‘कढुआ’ कामात प्रत्येक बुट्टी स्वतंत्र विणलेली असते, उलट बाजूला एका बुट्टीपासून दुसरीपर्यंत धागा जात नाही. ‘फेकुआ’त धागा पन्हाभर फेकून नंतर कापतात. तळहात फिरवला की कापलेली टोकं खरखरीत लागतात. दोन्ही अस्सल हातमागाची असू शकतात, पण कढुआला वेळ कितीतरी जास्त लागतो आणि किंमतही त्याच हिशेबाने असते. काठाच्या अगदी कडेला बारीक टोचल्याच्या खुणा असतील तर ते हातमागाचं चांगलं लक्षण. बिलावर ‘हातमाग’ आणि ‘शुद्ध रेशीम’ हे दोन्ही शब्द लिहून घ्या. दुकानदार कचरला तर उठा.

परतीची गाडी मुघलसरायहून असेल तर गोदौलियाहून तीन तास आधी निघा. मधल्या पुलावर कोंडी होते आणि ती किती वेळ चालेल याचा अंदाज तिथल्या रिक्षावाल्यांनाही नसतो.