परिसर-अभ्यास : खाडीकाठचे तिवर व कांदळ

खाडीकाठच्या शिक्षकबंधुभगिनींस खारफुटी अपरिचित नाही. परंतु तिचा पाठ वर्गात बसून होत नाही. अष्टमी-नवमीस दुपारच्या सुमारास ओहोटी असते. त्या दिवशी मुलांस बांधावरून न्यावे. अमावास्या-पौर्णिमेस त्याच वेळी उधाणाची भरती असते. तेव्हा जाऊ नये.

तिवराचे पान जिभेस लावून पाहण्यास सांगावे. ते खारट लागते, कारण शोषलेले मीठ हे झाड पानांवाटे बाहेर टाकते. चिखलातून बोटांसारखी वर आलेली मुळे दाखवावीत. चिखलात हवा नसल्याने ती वरून श्वसन करतात. कांदळाचे बी तर झाडावर असतानाच रुजते व शेंगेसारखे लोंबते. मग बांधाबाहेर झाडी असलेली आणि नसलेली अशा दोन जागा दाखवून, माती कोठे अधिक खचली आहे, हे मुलांकडूनच काढून घ्यावे.

येथे शिक्षकाने सावध असावे. बांध फुटून ज्याच्या भातशेतीत खारे पाणी शिरले व पुढे तिवर माजले, त्या घरचे मूलही वर्गात असते. पेण-अलिबागकडे हे दुःख नवे नाही. त्याच्यापुढे खारफुटीचे केवळ गुणगान करू नये. बांधाआतील भातास बाहेरील तिवराचा आधार कसा होतो, एवढेच दाखवावे.

लागवडीविषयी एक चूक मी स्वतः केली आहे. शिक्षक असताना उघड्या चिखलात मुलांकडून कांदळाची बिये ओळीने लावून घेतली. दिवाळीच्या सुटीनंतर पाहतो तो एकही उरले नव्हते. कालवे काढणारी एक आजी म्हणाली, “गुरुजी, जिथं झाड कधी उगवलंच नाय, तिथं कशाला लावलंत?” ती जागा भरतीखाली फार वेळ बुडालेली राही.

म्हणून जेथे पूर्वी तिवर होते, तेथेच शोध घ्यावा. भरावाने वा कचऱ्याने ओहोळ बुजला असेल, तर तो मोकळा झाल्यावर भरतीच पुष्कळदा बिये आणून टाकते. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीची तोड व तीवरील भराव यांस मनाई केली. २०१२ साली वनखात्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला. ओहोळ मोकळा करण्यासाठी ग्रामपंचायतीमार्फत त्यांच्याकडे लिहावे. मुलांकडून खोदकाम करवू नये.

शाळेने नोंदवही ठेवावी. दोरीने दहा फुटांचा चौकोन आखून दर महिन्याच्या अष्टमीस तिथी, नवी रोपे, मेलेली रोपे व खेकड्यांची बिळे लिहावीत. वर्षअखेर ती वही पुढील वर्गाच्या स्वाधीन करावी.