डोक्यावरचा दिवा : लांब की रुंद?



कोजागिरी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. चांदणे मध्यरात्रीनंतर निघत होते. आपल्या शाळेतील एका विद्यार्थ्याचे वडील रात्री कपाशीला पाणी द्यायला निघाले. डोक्यावर नवाकोरा दिवा होता. दुकानदाराने सांगितले होते, "याचा उजेड दूरवर जातो." ते खरेच होते. नाल्यापलीकडच्या कडुलिंबाच्या फांद्या मोजता याव्यात इतका झोत लख्ख पडत होता. पण धुऱ्यावर त्यांच्या डाव्या पायापासून हातभर अंतरावर मण्यार होती आणि ती त्यांना दिसली नाही. गवत सळसळले तेव्हा ते थबकले आणि मान वळवली, तेव्हा कुठे ती झोतात आली. साप आपल्या वाटेने निघून गेला. पुढे काही झाले नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाने वर्गात विचारले, "सर, एवढा महागाचा दिवा असून साप का दिसला नाही?"

प्रश्न फार चांगला आहे. त्याचे उत्तर आठवी-नववीच्या गणितात आणि विज्ञानात आहे. म्हणून या अंकात आपण त्याचाच अभ्यास करू.

दिवा डोक्यावर कसा आला?

डोक्यावरचा दिवा मूळचा खाणीतला. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात परासिया-जुन्नारदेव भागात पेंच-कान्हानच्या कोळसा खाणी आहेत. तिथे खाली उतरणाऱ्या कामगाराला दोन्ही हात मोकळे लागतात आणि नजर जाईल तिकडे उजेड लागतो. पूर्वी काही खाणींत कार्बाइडचे दिवे टोपीला लावत. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू तयार होतो, तो जाळून उजेड मिळे. पण कोळशाच्या खाणीत ज्वालाग्राही वायू असतो, तिथे उघडी ज्योत म्हणजे मरणाला आमंत्रण. १९१४ च्या सुमारास थॉमस एडिसनने कमरेला बॅटरी आणि टोपीला विजेचा दिवा अशी व्यवस्था खाणकामगारांसाठी आणली.

पुढे निळा एलईडी आला आणि त्यातून पांढऱ्या उजेडाचे दिवे शक्य झाले. त्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आता तळहाताएवढ्या दिव्यात बॅटरीसकट सारे मावते आणि तो आठवडी बाजारातही मिळतो. म्हणूनच तो निवडण्याची अक्कल आपल्याला हवी.

ल्युमेन आणि लक्स

पाकिटावर 'ल्युमेन' लिहिलेले असते. ल्युमेन म्हणजे दिव्यातून एकूण बाहेर पडणारा प्रकाश. पण तो किती जागेवर पसरतो, हे त्यावरून कळत नाही. एक चौरस मीटर जागेवर किती ल्युमेन पडतात, त्या मापाला 'लक्स' म्हणतात.

बादलीभर पाण्याचा विचार करा. तेच पाणी एका संत्र्याच्या आळ्यात ओतले तर आळे भरते, सगळ्या बगीच्यावर शिंपडले तर माती जेमतेम ओली होते. पाणी तेवढेच, पसरण्यात फरक. ल्युमेन म्हणजे बादली आणि लक्स म्हणजे ओल.

एलईडीचा उजेड स्वतः बराच पसरट असतो. पुढचे भिंग किंवा मागची चकचकीत वाटी त्याला गोळा करून अरुंद करते. म्हणजे 'दूर जाणारा' दिवा जास्त उजेड निर्माण करतोच असे नाही. तो बाजूचा उजेड काढून समोर लावतो. बाजूला अंधार पडतो तो त्यामुळेच.

रुंदी कशी मोजायची?

यासाठी कोनमापक लागत नाही. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या भिंतीपासून २ मीटरवर उभे राहा. दिवा सरळ भिंतीवर पाडा. प्रकाशाच्या वर्तुळाची रुंदी टेपने मोजा आणि तिला २ ने भागा. येईल तो दिव्याचा 'रुंदी-अंक' म्हणू.

रुंदी-अंक १/५ : झोताचा कोन सुमारे ११ अंश.
रुंदी-अंक १/२ : सुमारे २८ अंश.
रुंदी-अंक १ : सुमारे ५३ अंश.
रुंदी-अंक २ : ९० अंश.

काही दिव्यांत मधे लख्ख ठिपका आणि भोवती फिकट कडे दिसते. तेव्हा दोन्हींची रुंदी वेगवेगळी मोजा. पायाजवळचे त्या फिकट कड्यानेच दिसत असते, म्हणून ते अजिबात नसेल तर तो दिवा चालण्यासाठी नको. पुढचे भिंग मागेपुढे सरकवता येते असेही दिवे असतात. भिंग पूर्ण पुढे ओढल्यावर भिंतीवर चौकोनी डाग पडतो. तो म्हणजे आतल्या एलईडीच्या चौकोनी चिपचे भिंगाने पाडलेले चित्र. नववी-दहावीच्या मुलांनी हे जरूर पाहावे.

आता हिशेब करू

दोन दिवे घेऊ. दोन्ही १०० ल्युमेनचे. 'अ' दिव्याचा रुंदी-अंक १, 'ब' दिव्याचा १/५. सोयीसाठी सगळा उजेड वर्तुळात सारखा पडतो असे मानू.

३ मीटरवर 'अ' चे वर्तुळ ३ मीटर रुंद पडते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७ चौरस मीटर. १०० भागिले ७ म्हणजे सुमारे १४ लक्स.

३ मीटरवर 'ब' चे वर्तुळ ०.६ मीटर रुंद. क्षेत्रफळ सुमारे ०.२८ चौरस मीटर. उजेड सुमारे ३५० लक्स.

रुंदी पाचपट कमी झाली, म्हणून क्षेत्रफळ पंचवीसपट कमी आणि उजेड पंचवीसपट जास्त. 'ब' जिंकला असे वाटते. पण थांबा.

आपला धुरा साधारण दोन फूट रुंद असतो. ०.६ मीटर म्हणजेही दोन फूट. म्हणजे 'ब' दिवा फक्त धुराच दाखवतो, दोन्हीकडचे गवत अंधारात राहते. 'अ' चे वर्तुळ दहा फुटांचे आहे. त्यात धुरा धरून दोन्ही बाजूंचे चार-चार फूट गवत दिसते. मण्यार त्याच गवतात होती.

मग १४ लक्स पुरे का? निरभ्र रात्री पौर्णिमेच्या चंद्राचा उजेड सुमारे पाव लक्स असतो. म्हणजे 'अ' दिवा ३ मीटरवर कोजागिरीच्या पन्नासपटीहून जास्त उजेड देतो. पायाखालचे बघायला तो भरपूर आहे.

पाकिटावरचे 'इतके मीटर' म्हणजे काय?

२००९ पासून एक अमेरिकन मानक अनेक कंपन्या पाळतात. त्यात दिव्याचा पल्ला म्हणजे उजेड घटत घटत पाव लक्सवर, म्हणजे चांदण्याइतका, येतो ते अंतर. आपल्या हिशेबाने 'अ' चा पल्ला सुमारे २२ मीटर आणि 'ब' चा सुमारे ११२ मीटर भरतो. उजेड तेवढाच, आकडा मात्र पाचपट! म्हणून मोठा आकडा पाहून दिवा घेऊ नये. मोठा पल्ला हे पुष्कळदा अरुंद झोताचेच दुसरे नाव असते.

शिवाय माणूस ताशी ४ किलोमीटर चालतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम १.१ मीटर. २२ मीटर दूरचे दिसले तर तिथे पोचायला वीस सेकंद मिळतात. याहून जास्त कशाला हवेत?

अरुंद झोताचा आणखी एक तोटा आहे. समोरच्या लख्ख ठिपक्याने डोळ्याची बाहुली आकसते. मग आजूबाजूचा अंधार आहे त्यापेक्षा गडद वाटतो. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात, उजेडाने ते क्षणात बिघडतात.

कोणत्या कामाला कोणता?

वाचन, स्वयंपाक, पंपाची स्टार्टर पेटी : रुंदी-अंक १ ते २, उजेड अगदी मंद. ओल्या हाताने पेटीला हात लावू नये आणि दिवा दातात धरू नये, हे वेगळे सांगायला नको.
धुऱ्यावरून, पांदणीतून चालणे : रुंदी-अंक १ च्या आसपास, १०० ल्युमेन पुरे.
सायकल : वेग जास्त म्हणून थोडे दूरचे दिसायला हवे, रुंदी-अंक १/२.
रानडुकरे आली का ते लांबून पाहणे : रुंदी-अंक १/५. पण यासाठी हातातली बॅटरी वेगळी ठेवावी.

एकच दिवा घ्यायचा असेल तर रुंद घ्या. दोन्ही झोत वेगळ्या बटणांवर असतील तर उत्तम. सरकत्या भिंगाचा असेल तर चालताना भिंग आत ढकलून ठेवा.

दोन बारीक गोष्टी

डोक्यावरचा दिवा डोळ्यांच्या रेषेतच असतो. त्यामुळे वस्तूंची सावली वस्तूंच्या मागेच लपते आणि खड्डा, ढेकूळ सपाट वाटते. वाट खराब असेल तर दिवा काढून कमरेजवळ धरा. सावल्या लांब पडतात आणि खड्डा लगेच कळतो. धुक्यातही हाच उपाय, कारण डोक्यावरून पडलेला उजेड धुक्यावरून परतून थेट डोळ्यांत येतो.

दुसरी गोष्ट, दिवा नेहमी खाली झुकवा. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत झोत गेला तर अपघात होईल.

हे सारे कशासाठी?

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यातली बहुतेक खेड्यापाड्यांतली. जास्त मृत्यू होणाऱ्या राज्यांत आपला मध्य प्रदेशही आहे. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या महिन्यांतले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. त्यांत मण्यार तर रात्रीच हिंडते. आणि शेतीच्या लाईनीची पाळी रात्रीची आली की आपल्यालाही रात्रीच हिंडावे लागते.

नुसत्या दिव्यावर भिस्त ठेवू नये. पायात गमबूट आणि हातात काठी हवीच. तरीही दंश झालाच तर चिरा देऊ नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, दंश झालेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा. सर्पविषावर प्रतिविष हाच इलाज आहे.

करून पाहा

१. घरातल्या प्रत्येक बॅटरीचा आणि डोक्यावरच्या दिव्याचा रुंदी-अंक काढा आणि चिकटपट्टीवर लिहून त्या दिव्यावर लावा.
२. २०० ल्युमेनच्या, रुंदी-अंक १/२ असलेल्या दिव्याचे ४ मीटरवर किती लक्स येतील? (उत्तर : सुमारे ६४)
३. अंगणात रात्री एक दोरी टाका. दोन्ही प्रकारच्या दिव्यांनी चालत जाऊन ती किती अंतरावरून दिसते ते मोजा. दोरी कुठे आहे हे चालणाऱ्याला सांगू नका.

शेवटी विश्वस्त मंडळाला एक विनंती. विज्ञान प्रदर्शनाच्या दिवशी एक अंधारी खोली, पांढरी भिंत आणि एक टेप एवढे मिळावे. पालकांनी आपापले दिवे आणावेत, मुले मोजून देतील. खर्च काही नाही. ज्यांच्या दिव्यामुळे हा धडा निघाला, ते पालक पहिल्या क्रमांकाला यायचे म्हणतात. त्यांनी तो दिवा अजून ठेवला आहे, पण चालताना त्याचे भिंग आता आत ढकललेले असते.