गुळाच्या पाण्यात मायकोरायझा वाढेल का?

प्रश्न : ट्रायकोडर्मासारखाच मायकोरायझाही ड्रममध्ये गूळ-बेसन घालून वाढवला. डाळिंबाच्या रोपांना काहीच फरक नाही. शेडनेटमध्ये घरी करता येईल का? – एक वाचक, सांगोला

उत्तर : येईल, पण ड्रममध्ये नव्हे, कुंडीत. ट्रायकोडर्मा कुजक्या पालापाचोळ्यावरही पोसतो. मायकोरायझा ही बुरशी मात्र जिवंत मुळाकडूनच अन्न घेते. तुमच्या ड्रमात फसफसले ते दुसरेच जंतू. म्हणून आधी यजमान पीक हवे. मका किंवा ज्वारी उत्तम, कारण तंतुमुळे दाट. कोबी-मोहरीच्या मुळांत ती शिरतच नाही. वाळू-माती वाफवून घ्या, खात्रीचे मूळ कल्चर बियाण्याच्या अगदी खाली पसरा आणि स्फुरदाचा हात आखडता ठेवा; आयते स्फुरद मिळाले की झाड बुरशीला थारा देत नाही. साधारण तीन महिन्यांनी पाणी तोडा, शेंडे कापा, माती वाळू द्या. मग पांढरी मुळे बारीक चिरून मातीसकट सावलीत साठवा. हेच तुमचे खत.

मका तरारला म्हणजे बुरशी वाढली, असे समजू नका. नत्रानेही तो तरारतो. मुळाचा तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय खात्री नाही, ते काम कृषी महाविद्यालयात होऊ शकते. मुळांवर गाठी दिसल्या तर मात्र ती कुंडी मुकाट्याने फेकून द्या. गाठी ही सूत्रकृमीची खूण; तो डाळिंबात नेण्यापेक्षा तीन महिने वाया गेलेले परवडले.