जोडणी तुटते तेव्हा

शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असावा आणि नेमके त्याच दिवशी घरच्या संगणकावर इंटरनेट चालू नये, हा अनुभव अनेक शिक्षकांच्या वाट्याला येतो. अशा वेळी घाईने चार ठिकाणी चार बदल केले जातात. मूळ दोष तसाच राहतो आणि नवा मात्र निर्माण होतो. वस्तुतः जोडणी ही एक साखळी होय. जवळच्या कडीपासून दूरच्या कडीकडे क्रमाने गेल्यास दोषाचे स्थान बहुधा सापडते.

प्रथम दोष एका संगणकापुरता आहे की सर्व घराचा, हे ठरवावे. मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करून तो त्याच वायफायवर चालतो का, ते पाहावे. चालत असल्यास दोष संगणकात शोधावा. काहीच चालत नसल्यास रूटरकडे वळावे. फायबर जोडणीच्या संचावर ‘एलओएस’ हा लाल दिवा लागला असेल, तर प्रकाशसंकेत घरापर्यंत पोहोचत नाही असे समजावे. तार दुमडली वा तुटली असण्याचा संभव असतो. तिच्या टोकात डोळा लावून पाहू नये. सेवा देणाऱ्या कंपनीस कळवावे.

दुसरी कडी पत्त्याची. रूटर प्रत्येक संगणकास अंकांचा पत्ता देतो. घरगुती जोडणीत तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. नेटवर्कच्या माहितीत १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसल्यास रूटरकडून पत्ता मिळालेला नाही, हे उघड आहे. रूटर अर्धा मिनिट बंद ठेवून पुन्हा चालू करावा व त्यानंतर संगणक सुरू करावा.

तिसरी कडी नावाची. संकेतस्थळाच्या नावाचे अंकी पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस ही व्यवस्था १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी रचली. ‘पिंग’ या आज्ञेस ८.८.८.८ कडून उत्तर येते, परंतु नावाने एकही स्थळ उघडत नाही, अशी स्थिती असल्यास दोष या व्यवस्थेत शोधावा. संगणकाचे घड्याळ व तारीख चुकलेली असल्यासही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत.

इतर सर्व स्थळे उघडतात आणि अर्जाचे तेवढे उघडत नाही, असे असल्यास दोष बहुधा त्या स्थळाकडेच असतो. घरचा रूटर उघडून उपयोग नाही. पडद्यावरील संदेशाचे छायाचित्र वेळेसह जपून ठेवावे. मुदतीबाबत दाद मागताना तेच विद्यार्थ्याच्या उपयोगी पडेल.

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याची नोंद वहीत ठेवावी. ग्रामपंचायतीच्या कार्यालयातही हाच क्रम उपयुक्त ठरतो.